वहीत कोणाचंच नाव नाही

मॅडम, तुमचा फोटो मीच दिला.

तुम्ही गेलात त्या दिवशी इंझोरीच्या स्टँडवर बॅनर लावायचं ठरलं आणि फोटो कोणाकडेच निघेना. इतकी वर्षं शाळेत गणित शिकवलंत, पण गॅदरिंगच्या एकाही फोटोत तुम्ही नाही. मोबाईल समोर आला की तुम्ही फळ्याकडे तोंड करायचात. मंगरूळपीरला तुमच्या घरी विचारलं, तर तुमचे यजमान, सर, म्हणाले, "लग्नातला हाये एक. चालन काय?" शेवटी मी माझा फोन उघडला. दोन वर्षांपूर्वी कागद चिकटवायच्या खळीच्या तासाला तुम्हाला न सांगता मी एक फोटो काढला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत खळीनं माखलेले, कपाळावर एक बट चिकटलेली, आणि कोणाला तरी रागावता रागावता तुम्हाला हसू फुटलेलं.

बॅनरवाल्यानं हात कापून टाकले. "हात कायले पायजे ताई? श्रद्धांजलीले तोंड पुरते," म्हणाला. त्यानं भोवती झेंडूची माळ टाकली, कोपऱ्यात समई ठेवली. संध्याकाळपर्यंत तो फोटो अख्ख्या गावाच्या स्टेटसला होता.

पाचव्या दिवशी तुमच्या नावाचं खातं उघडलं.

फोटो तोच. बॅनरवरून घेतलेला. नीट कापता आला नव्हता, म्हणून कोपऱ्यात समईची अर्धी ज्योत राहून गेली होती. त्या खात्यावरून तुमच्या विद्यार्थिनींना मेसेज जायला लागले. आधी नुसता नमस्कार. मग: "मॅडमची वही माझ्याजवळ आहे. त्यात तुझं नाव आहे. माझ्याशी बोलली नाहीस तर सगळ्यांना दाखवीन."

मला भुताची भीती कधी वाटली नाही. बाबांनी ती लहानपणीच काढून टाकली. पण ज्या बाईनं पोरींना अनोळखी खात्यापासून जपायला शिकवलं, तिचाच चेहरा लावून कोणीतरी त्याच पोरींच्या दारात उभं होतं. त्याची मात्र मला भीती वाटली.

मी पत्रकांवर वाढले, हे तुम्हाला माहीत होतं. आमच्या घरात ताटाखाली पत्रक, खिडकीच्या फटीत पत्रक, माझ्या पहिलीच्या पाटीला गुंडाळलेलंही पत्रकच. दारूच्या दुकानाविरुद्ध, अंगात येणाऱ्या बुवाविरुद्ध, बंद पडलेल्या दवाखान्यासाठी. बाबा लिहायचे, मी घड्या घालायचे, आई पातेल्यात खळ शिजवायची आणि म्हणायची, "यायच्या क्रांतीनं माह्या गंजाचं बूड जाळलं." अन्यायाला नाव घेऊन हाक मारायची, भिंतीवर मारायची, चौकात मारायची, हे मी अक्षरांच्या आधी शिकले.

तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात ते त्या खळीसाठी. मी तुमचीच जुनी विद्यार्थिनी, त्रैराशिकात कायम अडकणारी. मला वाटलं, माझी काही जुनी तक्रार घेऊन आल्या.

"भाऊ, तुमच्या खळीची कृती पायजे मले," तुम्ही बाबांना म्हणालात.

"काहून? मोर्चा काढून राह्यल्या काय, मॅडम?"

"मोबाईलचा तास घ्यायचा हाये."

"मोबाईलले खळ?" बाबा इतके हसले की आई बाहेर आली. "अन् तुमच्याजवळ मोबाईल तं बटणाचा हाये म्हणते पोरगी."

"म्हणूनच तं," तुम्ही म्हणालात. "विहिरीत पडलेल्याले पोहणं नाही शिकवता येत. काठावर उभं राहणारं एक जण पायजे."

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास. तुम्ही पोरांना एकेक कोरा कागद दिलात आणि सांगितलंत, मोबाईलवर टाकलेली किंवा टाकावीशी वाटलेली एक ओळ लिहा. मग तो कागद रस्त्याकडच्या भिंतीवर चिकटवायचा, स्वतःच्या हातानं, नावासकट. सातवीतल्या एका पठ्ठ्यानं दोस्ताच्या सुटलेल्या पोटावरून काहीतरी लिहिलं होतं. पाच मिनिटांत त्या दोस्ताचा आजा बैलांना पाणी दाखवायला त्याच रस्त्यानं आला. थांबला. मोठ्यानं वाचलं. "कोणं लिहलं हे? अबे, थ्या पोट्ट्याचं पोट माह्यावर गेलं! माह्यावर लिह्य ना!" वर्ग हसून लोटपोट झाला आणि लिहिणारा पोरगा मात्र भिंतीसमोर उभा राहून आपला कागद हातानं झाकत होता. तुम्ही तेवढंच बघत होतात.

सोमवारी तुम्ही त्यांना बादली आणि खरवडायला सराटे, म्हणजे घरातली उलथणी, दिलेत. काढा म्हणालात. कागद निघाले, शाई भिंतीत राहिली. एका पोरीचं अर्धं वाक्य तर पार पावसाळ्यापर्यंत दिसत होतं.

"इथं एक भिंत हाये," तुम्ही म्हणालात. "मोबाईलमंदी किती भिंती हायेत ते मलेबी माहीत नाही, अन् तुमालेबी नाही. लावाच्या आधी इचार करा, काढणारा सराटा अजून कोणंच नाही बनवला."

हे झालं आपण काय लावायचं याबद्दल. दुसऱ्यानं आपल्याबद्दल काही लावलं, तर काय करायचं, यावर तुम्ही फार कमी बोलायचात, पण दर शनिवारी तेच बोलायचात. उत्तर देऊ नका. पुसू नका, तो पुरावा आहे. आणि मोठ्या माणसाला सांगा. मग विचारायचात, "मोठं माणूस म्हणजे कोण?" पोरं म्हणायची, बाप, मामा, सरपंच. तुम्ही मान हलवायचात. "जे आयकून घेते, चिडत नाही, अन् दुसऱ्याले सांगत नाही, ते मोठं माणूस. वयाचा काही संबंध नाही."

मी मागच्या बाकावर बसून हे लिहून घ्यायचे. खळ माझ्याकडे, भिंत माझ्याकडे, पोरांचे कागद वाचायला मदत माझ्याकडे. तुम्ही मला "पत्रकवाली" म्हणायचात. मला वाटायचं, आपण दोघी मिळून एक काम करतोय. आपण दोघी दोन कामं करत होतो, हे कळायला ती मुलगी यावी लागली.

तिच्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. नाव नाही, वर्ग नाही, गाव नाही, घरचे काय करतात तेही नाही. वाचणाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा: ती आहे, एवढंच पुरे.

गॅदरिंगच्या फोटोतून कोणीतरी तिचा चेहरा कापला आणि भलत्याच चित्रावर चिकटवला. तिला पाठवला आणि लिहिलं, बोल, नाहीतर गावात फिरवतो. तिनं तुम्ही शिकवलं तेच केलं. उत्तर दिलं नाही. पुसलं नाही. तुम्हाला सांगितलं. तुम्ही तिच्या आईला समजावलंत आणि आई ठाण्यात यायला तयार झाली. तिची एकच अट होती: गावात कोणाला कळू नये.

आणि तुम्ही मला सांगितलंत. अर्ज लिहायला मदत हवी होती. तुम्ही, त्या मायलेकी आणि मी सोडून हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात आपण भांडलो. मी म्हणाले, गुपचूप अर्ज म्हणजे गुन्हेगाराला अंधार देणं. शरम त्याला वाटायला हवी, तिला नाही. हे गावासमोर आलं पाहिजे.

तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "शरम कोणाची ते तू बराबर सांगून राह्यली. पण सोमवारी शाळेत कोणाले याचं हाये? तुले का तिले?"

"तुम्ही घाबरता, मॅडम."

"हो," तुम्ही म्हणालात. "मी घाबरतो. तुले नाही वाटत भेव, म्हणून मले जास्त वाटते."

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. नाव नव्हतं. मी फार जपून नाव टाळलं होतं. फक्त चौथ्या ओळीत, लोकांना हे आपल्या गावात घडतंय हे पटावं म्हणून, तीन गोष्टी लिहिल्या. त्या ओळीतलं इथं काहीच लिहीत नाही. शहरात त्या तीन गोष्टींनी कोणी सापडलं नसतं. आपल्याकडे दोन पुरतात. पानटपरीवर पत्रक वाचून पहिला माणूस जे बोलला ते तिचं नाव होतं.

सकाळी स्टँडच्या भिंतीवर लावलं. दुपारी तिच्या बापानं तिचं दप्तर कपाटावर टाकलं. मामाकडं पाठवायची बोलणी सुरू झाली, मग मामाच्या ओळखीतल्या स्थळाची. ठाण्यातला अर्ज राहूनच गेला. ज्यानं चेहरा कापला त्याला काहीच करावं लागलं नाही. तो गावात फिरवतो म्हणाला होता. फिरवलं मी.

तुम्ही चारच्या बसनं परत जाणार होतात, पण गेला नाहीत. शाळेतून बादली आणि दोन सराटे घेऊन स्टँडवर आलात. मी तिथंच उभी होते, भिंतीकडे बघत. मला वाटलं, आता सगळ्या गावासमोर बोलाल. बोलायलाच हवं होतं. तुम्ही एक सराटा माझ्या हातात दिलात.

"वरचे तू काढ. तुहा हात पोहोचते."

आपण दोघी काढत राहिलो. ओली खळ, कागदाचे लगदे, येणारे-जाणारे थांबून बघतायत. जीपवाला ओरडला, "मॅडम, कंत्राट घेतलं काय भिंतीचं?" तुम्ही सराटा बादलीत बुचकळलात आणि पुढचा कागद धरलात. शेवटचा कागद निघाला तेव्हा बाकावर बसलेला एक पोरगा फोनमध्ये बघत होता. पडद्यावर माझं पत्रक होतं. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकलं होतं. तुम्हीही पाहिलंत. सराटा बादलीत टाकलात आणि हात धुतलेत. बस्स.

मी रडत म्हणाले, मॅडम, माफ करा.

"माही माफी नको मागू. जिची मागाची तिची माग. पण आधी दार उघडते का पाह्य."

मी गेले नाही. तुम्ही गेलात. दर शनिवारी शाळा सुटली की उलट्या दिशेच्या जीपमध्ये बसून तिच्या घरी. बापानं पहिल्या तीन शनिवारी पाणीही विचारलं नाही, हे मला नंतर कळलं. तुम्ही अंगणात बसून तिला गणित शिकवलंत. दप्तर कपाटावरून खाली आलं. शाळेत नाही, पण अंगणापर्यंत तरी आलं. मामाचा विषय तुम्ही कसा मिटवलात, मला माहीत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आपण भेटायचो, शनिवारचा तास घ्यायचो, खळ मी आणायचे. त्या एका गोष्टीवर मात्र आपण पुन्हा बोललो नाही. मला वाटायचं, एक दिवस तुम्ही चांगलं झापाल आणि मग मोकळं होईल. मी त्या दिवसाची वाट बघत होते. तुम्ही बसमध्ये छातीला हात लावून बसलात आणि मंगरूळपीर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीला सरांनी मला बाजूला बोलावलं आणि वही दिली. तीच. दोनशे पानी, गणिताची, खाकी पुठ्ठ्याची. वर्गातल्या प्रत्येक पोराला ती माहीत होती, कारण कोणी काही सांगायला आलं की तुम्ही ती उघडायचात. वर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: "पत्रकवालीसाठी".

मी ती तिथंच, मंडपाच्या मागं उभी राहून वाचली. मॅडम, तुमच्या वहीत कोणाचंच नाव नाही. गाव नाही, वर्ग नाही, तारीखही नाही. सगळी उदाहरणं आहेत. "उदाहरण तीन: एकानं दुसऱ्याचा पासवर्ड गंमत म्हणून घेतला. परत कसा मागावा?" "उदाहरण सात: मोठ्या भावाच्या फोनवर नको ते दिसलं. भावाला सांगावं की आईला?" खाली पायरी पायरीनं उत्तर. ही वही चौकात उघडून ठेवली तरी कोणाचं काही जाणार नाही. मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. तुम्ही इतकी वर्षं एकही लिहिली नाहीत.

आणि मग उदाहरण अकरा. "विश्वासानं सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्यानं चांगल्या हेतूनं भिंतीवर लावली. चूक कोणाची?" खाली एकच ओळ: "सांगणाऱ्याची. ऐकणारीचं वय कमी, रक्त गरम. मला कळायला हवं होतं."

हे उत्तर चुकलं आहे, मॅडम. तुम्ही आयुष्यभर आमची उत्तरं तपासलीत, आज मी तुमचं तपासते. चूक माझी. माझा हेतू चांगला होता म्हणून तिचं दप्तर कपाटावरून खाली आलं नसतं. तुम्ही ती चूक स्वतःच्या नावावर घेतलीत, गप्प राहिलात, आणि मला भांडायलाही जागा ठेवली नाहीत. यासाठी मी तुमच्यावर रागावले आहे. हा राग घेऊन कुठं जायचं, ते वहीत लिहिलेलं नाही.

वही हातात घेऊन मी मंडपात आले आणि तेव्हा लक्षात आलं. वहीबद्दल माहीत कोणाला? शनिवारच्या तासाला बसणाऱ्यांना. म्हणजे तुमचा चेहरा लावून मेसेज करणारा आपल्याच वर्गातला होता, किंवा त्यातल्या कोणाचा तरी भाऊ. त्यानं कधीतरी त्या भिंतीवर कागद लावला असेल. सोमवारी खरवडला असेल. कदाचित आत्ता समोरच्या पंगतीत बसून वरण मागत असेल. मी एकेक चेहरा बघत गेले. सगळे हळहळत होते. सगळ्यांच्या खिशात फोन होते आणि सगळ्या फोनांत तुम्ही होतात, हात कापलेल्या.

खात्याविरुद्ध मी ॲपवरच तक्रार नोंदवली होती. ते बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं उघडलं. तोच फोटो, तीच अर्धी ज्योत. मी कागद घेऊन बसले. मथळाही लिहिला. चौथ्या ओळीशी हात थांबला आणि कागद तसाच राहिला.

तेरवीनंतर दोन दिवसांनी, सकाळी, ती आमच्या दारात आली.

तिची आई बाहेर फाटकाशी उभी होती, आत आली नाही. ती आली. एवढ्या महिन्यांत मी तिला पाहिलं नव्हतं. उंच झाली होती. बस म्हटलं तर बसली नाही.

"मले मेसेज आला," ती म्हणाली. "मॅडमच्या फोटोवरून."

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"आधी मले सांगा. मॅडम म्हणे, मोठ्या मानसाले सांगा. मॅडम तं गेल्या. तुमी मोठ्या मानसात मोडता काय?"

मॅडम, मला आजवर कोणी इतका अवघड प्रश्न विचारला नाही. मी मोडत नव्हते. तुमच्या व्याख्येनं तर नाहीच.

"नव्हते," मी म्हणाले. "तुझं जे झालं ते माझ्यामुळं झालं. मी तेव्हाच यायला हवं होतं. भ्याले."

"माहीत हाये," ती म्हणाली. "लिहसान काय याच्यावर?"

"नाही."

"एक ओळबी?"

"एक ओळही नाही."

तिनं फोन माझ्यापुढं धरला. उत्तर दिलेलं नव्हतं. काही पुसलेलं नव्हतं. मी आतून वही आणली आणि तिला दिली. म्हटलं, तुझं नाव शोध. तिनं उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. बोट ओळींवरून फिरत होतं. उदाहरण अकराशी थांबलं, मग पुढं गेलं. वही मिटली तेव्हा ती पहिल्यांदा बसली.

"म्हणजे त्याच्याजवळ काहीच नाई," ती म्हणाली. "तो नुसता भेव दाखवून राह्यला."

आम्ही तिघी ठाण्यात गेलो. अर्ज तिनं स्वतः लिहिला, मी फक्त शाईचा पेन दिला. महिला पोलिसानं विचारलं, काही डिलीट तर नाही ना केलं? "नाई जी," ती ताठ मानेनं म्हणाली, "मॅडमनं शिकवलं हाये." मी आणि तिच्या आईनं एकमेकींकडं पाहिलं नाही.

परत येताना जीपमध्ये तीच म्हणाली, "ताई, बाकीच्या पोरीईलेबी आला असन नं मेसेज. त्यायले कोण सांगन, वहीत काई नाई म्हणून?" मग थोड्या वेळानं, "लिहा तुमी. पण आधी मले दाखवा."

म्हणून हे लिहिलं, मॅडम. तो अजून सापडलेला नाही. काल तिसरं खातं उघडलं. तो हे वाचेल, नक्की वाचेल. वाचू दे. त्याला तुमचे हात माहीत नाहीत. त्याच्याकडं फक्त कापलेला चेहरा आहे. हाताचा फोटो माझ्याकडं आहे आणि तो मी आता कोणालाच देणार नाही.

ज्या पोरींना तो मेसेज आला असेल त्यांनी नीट वाचावं: वही त्याच्याजवळ नाही. वहीत तुमचं नाव नाही. उत्तर देऊ नका, पुसू नका, सांगा.

यापुढं दोन परिच्छेद होते. दप्तराचं पुढं काय झालं, बाप काय म्हणाला, सोमवारी काय घडलं, सगळं लिहिलं होतं. तिनं ते वाचलं आणि पेन्सिलीनं वरून खालपर्यंत एक रेघ मारली.

"हे नोका लिहू," म्हणाली. "हे मॅडमले मी सांगीन."